किल्लीवरचं ओझं

जुन्या व्हॅनचा चालक किल्ली फिरवतो तेव्हा त्याचा सगळा जीव कानात गोळा झालेला असतो. ‘टक्’ असा आवाज येतो आणि पुढे काहीच होत नाही. तो किल्ली मागे घेतो, किंचित वर उचलतो, पुन्हा फिरवतो. पुन्हा ‘टक्’. मग एका ठरावीक कोनात ती दाबून धरली की सेल्फ घेतो. हा कोन फक्त त्यालाच ठाऊक. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हाती गाडी द्यायची वेळ आली तर किल्लीबरोबर सूचनाही द्यावी लागते: “थोडी उचलून फिरव, आणि एकदम सोडू नको.” ही बिघाडाची खूण आहे, हे त्याला कळत नाही असं नाही. पण रोज चालतंय म्हटल्यावर बिघाडाचीही सवय होते, आणि सवय झाली की माणूस तिचं कौतुकच सांगायला लागतो.

अशा नाजूक तब्येतीच्या गाड्या सोलापुरात अजून दिसतात. मारुतीची व्हॅन १९८४ मध्ये आली, पुढे तिचं नाव ओम्नी झालं आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. थांबलं ते कारखान्यात. इथे ती शाळेची पोरं नेते, टॉवेल-चादरींचे गठ्ठे नेते, संक्रांतीला गड्डा यात्रा भरली की बाहेरगावच्या पाहुण्यांना सिद्धेश्वराच्या दर्शनाला नेते. गुरुवारी अक्कलकोट, पौर्णिमेला तुळजापूर. तिच्याहून थोरली मॅटाडोर, पुण्याजवळच्या आकुर्डीच्या बजाज टेम्पोची. ती कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स म्हणून ओळखली जाते. गाडी मात्र लोकांच्या तोंडी मॅटाडोरच राहिली. आज सुताची बाचकी आणि उद्या लग्नाचं वऱ्हाड, दोन्ही तिनं सारख्याच निर्विकारपणे वाहिलं.

गाडीचं वय वाढतं तसं तिच्या अंगावर सामानही चढत जातं. आधी टेप येतो. मग दोन स्पीकर. मग जाड आवाजाचा हॉर्न, कारण मूळचा हॉर्न म्हणे हायवेला कुणी मनावर घेत नाही. डॅशबोर्डवर छोटा पंखा, मोबाइलचा चार्जर, देवाच्या तसबिरीपुढे लुकलुकणारा दिवा, पुढच्या बंपरवर जादा लाइट. प्रत्येक वस्तू बसवताना एकच प्रश्न विचारला जातो: “किल्लीवर घेऊ की डायरेक्ट?” डायरेक्ट घेतलं तर रात्रभर चालू राहून बॅटरी उतरण्याची भीती. म्हणून उत्तर ठरलेलं: “किल्लीवर घ्या.” असं करत करत वीस वर्षांत त्या बोटभर लांबीच्या किल्लीच्या मागे सगळा संसार लटकतो.

तो किती जड असतो ते मोजता येतं. हॅलोजनचा नेहमीचा एच-फोर बल्ब अपरला ६० वॅट घेतो. बारा व्होल्टवर हे पाच अँपिअर; दोन बल्बांचे दहा. हॉर्नची जोडी, ब्लोअर आणि बाकीचं मिळून आणखी दहा सहज होतात. किल्लीच्या मागच्या स्विचमध्ये पितळेचे किंवा तांब्याचे दोन छोटे तुकडे एकमेकांना टेकतात, त्यातून हे सगळं वाहतं. नवेपणी त्या टेकण्यात अडथळा जवळपास नसतोच. पण प्रत्येक वेळी स्विच तुटताना बारीक ठिणगी पडते, पृष्ठभाग काळवंडतो, धूळ बसते. अडथळा ओहमच्या विसाव्या हिश्श्याएवढा झाला, तरी वीस अँपिअरला तिथे एक व्होल्ट खर्ची पडतो आणि वीस वॅट उष्णता तयार होते. बाहेर सोलापूरचा मे महिना, पारा ४३ च्या आसपास, आणि स्टिअरिंगखालच्या बंद खोबणीत ही वीस वॅटची शेगडी. प्लास्टिक मऊ पडतं, आतली पत्री ढिली होते, ढिली झाली की अडथळा आणखी वाढतो. मग किल्ली ‘थोडी उचलून’ फिरवावी लागते.

हरवलेला तो व्होल्ट दुसरीकडेही दिसतो, नव्हे, दिसेनासा करतो. हॅलोजन बल्बला मिळणारा दाब दहा टक्के घटला की उजेड दहा टक्के नाही, जवळपास तीस टक्के घटतो. रात्री विजापूर रोडनं येताना ‘डोळे थकले हल्ली’ असं म्हणणाऱ्या चालकाचे डोळे ठीकही असू शकतात. थकलेली असते ती दिव्यांची वायर.

यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. त्याचं नाव रिले. काडेपेटीहून लहान काळी डबी, आत तारेचं वेटोळं आणि एक लोखंडी पट्टी. वेटोळ्यातून जेमतेम दीड-दोन दशांश अँपिअर गेला की ते चुंबक होतं, पट्टी ओढतं, आणि पट्टीवाटे तीस-चाळीस अँपिअर बॅटरीतून थेट दिव्यांकडे जाऊ शकतात. किल्लीच्या वाट्याला उरतो तो फक्त तेवढा दीड-दोन दशांश.

हे सोलापुरात कुणाला समजावून सांगायला लागू नये. जेकार्ड मागावर चादरीची नक्षी उतरते ती याच तत्त्वानं. भोकं पाडलेला पुठ्ठा स्वतः एकही धागा उचलत नाही. भोक असेल तिथे सुई आत जाते आणि तिचा आकडा जागेवर राहतो; भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते, आकडा बाजूला सरतो. उचलण्याचं सगळं बळ वरच्या सुऱ्यांच्या चौकटीचं, ती चौकट माग चालवतो. पुठ्ठ्यानं फक्त कोण उठणार ते सांगायचं. पुठ्ठ्यालाच धागे उचलायला लावले असते तर दोन फेऱ्यांत त्याचा भुगा झाला असता. जुन्या व्हॅनमध्ये नेमकं तेच चाललेलं असतं, आणि किल्ली बिचारी वीस वर्षं निभावते, हेच खरं नवल.

तर एके दिवशी गाडी वायरमनकडे जाते. सोलापुरात वायरमनच्या टपरीत एका वाक्यात तीन भाषा येतात: गिऱ्हाइकाशी मराठी, पोऱ्याशी कानडी किंवा तेलुगू, आणि हिशेब दख्खनी हिंदीत. अंक मात्र सगळ्यांचे एकच. रिलेच्या पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे कोरलेले असतात, ते जर्मनीच्या डीआयएन ७२५५२ या मानकातले. ३० म्हणजे बॅटरीची थेट तार, ८५ आणि ८६ वेटोळ्याची दोन टोकं, ८७ मधून बाहेर. त्याच मानकात किल्ली ऑन झाल्यावर जिवंत होणारी तार १५, सेल्फची ५० आणि बॉडी-अर्थची ३१. शाळा अर्ध्यावर सोडलेला पोरगाही ‘सत्त्याऐंशी नंबरला मार’ म्हटलं की बरोबर तिथेच थिंबल खोचतो.

चांगला वायरमन ओळखायचा तो त्याच्या पहिल्या हालचालीवरून. तो स्टिअरिंगखाली डोकं घालण्याआधी पाना घेऊन बॅटरीकडे जातो आणि मायनसची तार सोडवतो. मायनस आधी, प्लस नंतर, जोडताना उलट. कारण पत्र्याची सगळी बॉडीच मायनस आहे. प्लस सोडवताना पाना चुकून पत्र्याला लागला आणि मायनस अजून जोडलेली असेल, तर पान्यातून शेकडो अँपिअर जातात. बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून माणूस निर्धास्त असतो. पण बोटातली अंगठी किंवा मनगटावरचा धातूचा पट्टा त्या वाटेत सापडला तर क्षणात लाल होतो. म्हणून जाणता माणूस अंगठी काढून शर्टाच्या खिशात टाकतो. आणि सेल्फ घेत नाही म्हटल्याबरोबर स्विच उघडत नाही. आधी बॅटरीचे टर्मिनल घासून पाहतो, इंजिनापासून बॉडीला येणारी अर्थची पट्टी पाहतो. कित्येक निर्दोष स्विच एका सैल बोल्टापायी बदलले गेले आहेत.

पण या गाडीचा स्विच दोषी निघतो. दोन स्क्रू, एक क्लिप, आणि तो हातात येतो. बॅटरीच्या तारेची पितळी पत्री मूळच्या पिवळ्या रंगाची राहिलेली नाही, जांभळट-तपकिरी झाली आहे. भोवतीचं पांढरं कपलर त्या एका कोपऱ्यात कॅरमलसारखं तपकिरी पडून खाली ओघळलंय. तारेवरचं आवरण तीनेक इंचांपर्यंत कडक. वाकवलं की तडकतं, आत तांबं काळं. त्याच पायाला चार वेगवेगळ्या काळांतल्या चार तारा पिळलेल्या, वर चिकट टेपचे थर. कुठल्या तारेनं काय चालतं ते त्या-त्या वर्षीच्या वायरमनलाच ठाऊक. कागदावर कुणीच काही लिहून ठेवलेलं नाही. आता निदान मोबाइल असतो. हात लावण्याआधी फोटो काढून ठेवायचा आणि प्रत्येक तारेला कागदी टेपचा तुकडा डकवून वर नाव लिहायचं, एवढी शिस्त पाळली तरी संध्याकाळ वाचते.

जोडणी तशी सरळ. बॅटरीच्या प्लसवरून नवी जाड तार, आणि तिच्यावर बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच फ्यूज. लोक फ्यूज दिव्याशेजारी लावतात, कारण फ्यूज दिव्याला वाचवतो अशी समजूत. फ्यूज वाचवतो तारेला. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली तार कुठे घासून पत्र्याला टेकली तर तिला वाली कुणी नसतो, म्हणून ते अंतर जितकं कमी तितकं बरं. फ्यूजमधून रिलेच्या ३० वर, ८७ वरून दिव्याला. किल्लीची जुनी तार आता ८६ वर, आणि ८५ बॉडीला, पण रंग खरवडून चकचकीत पत्रा दिसल्यावरच. तार पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रोमेट हवं. नाहीतर पत्र्याची धार हादऱ्यांनी दोन पावसाळ्यांत आवरण कापते. ओम्नीत तर इंजिन पुढच्या सीटच्या खालीच असतं, पेट्रोलची नळी आणि तारा एकमेकींना फार दूर नसतात. काहींनी त्यात गॅसही बसवलेला असतो. तिथे निष्काळजीपणाला जागाच नाही.

आणि तार मोटारीचीच हवी. घरात फिटिंगला वापरून उरलेली एकेरी कडक तार गाडीत घालणं ही आपल्याकडची जुनी काटकसर. भिंतीत ती जन्मभर टिकते, कारण भिंत हलत नाही. गाडीतल्या तारेला बारीक बारीक पुष्कळ पदर लागतात. बाजारात वरून तांब्याचा मुलामा आणि आतून ॲल्युमिनियम असा मालही मिळतो. खरवडलं की पांढरं दिसतं. सांधा पिळून टेप मारण्यापेक्षा थिंबल दाबून वर आकसणारी नळी चढवलेली केव्हाही चांगली. काम संपल्यावर सगळं चालू करून दहा मिनिटांनी तारेवरून हात फिरवायचा. गरम लागली तर कुठेतरी खोट आहे.

किल्लीच्या पोटात काही खोड्याही आहेत. पेट्रोल गाडीत ठिणगीच्या कॉइलला ऑनमध्येही वीज मिळायला हवी आणि सेल्फ मारतानाही. नवा स्विच बसवताना दुसरी जोड राहून गेली तर विचित्र दृश्य दिसतं: सेल्फ फिरतोय, फिरतोय, इंजिन दाद देत नाही, आणि वैतागून किल्ली सोडली की त्याच क्षणी फुर्र करून चालू होतं. उलटी खोडीही आहे. किल्ली बंद केली तरी इंजिन बंद होत नाही. चार्जिंगच्या लाल दिव्यातून अल्टरनेटरची वीज उलट्या वाटेनं कॉइलला पोचते, आणि किल्ली हातात घेऊन मालक चालू गाडीकडे बघत उभा. भुताटकी वगैरे काही नसते. एक तार चुकीच्या पायाला असते.

चालू गाडीत बॅटरीचा टर्मिनल काढून ‘चार्जिंग होतंय का’ बघण्याची पद्धत डायनामोच्या काळातली. अल्टरनेटरला ती घातक. बॅटरीचा आधार सुटला की व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड जातात. तरी अजून अधूनमधून कुणीतरी ते करून दाखवतोच, आणि बघे मान डोलावतात.

मजा अशी की जुन्या डिझेल मॅटाडोरमध्ये या किल्लीचा ‘इग्निशन’शी संबंधच नव्हता. डिझेलला ठिणगी लागत नाही. हवा दाबून तापवली की ते आपोआप पेटतं. जुना यांत्रिक पंप असला की इंजिन एकदा चालू झाल्यावर किल्ली काढून खिशात टाका, ते चालूच. बंद करायला वेगळा नॉब ओढायचा. पोरांना ते ओढू देणं हा मोठा मान असायचा.

किल्लीचं आजचं राज्य तसं फार जुनं नाही. आधी हँडल होतं. चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला आणि हँडलनं मनगट मोडण्याचे दिवस ओसरू लागले. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचा सेल्फ पायानं दाबायचा होता. एकच किल्ली फिरवून वीजही चालू आणि सेल्फही, ही सोय क्रायस्लरनं १९४९ च्या गाड्यांत दिली. आता नव्या गाड्यांत पुन्हा बटण आलंय, आणि ते पाहून जुन्या ओम्नीलाही बटण लावून घेणारे हौशी निघतात. लावावं, हरकत नाही. पण बटणाची तार रिलेला जावी, सेल्फला थेट नव्हे. एरवी बटणातले तुकडे चिकटून बसतात आणि बोट काढलं तरी सेल्फ घरघरत राहतो. मग बॅटरी तोडण्यावाचून इलाज नाही. गाडी गिअरमध्ये असेल तर सेल्फच्या जोरावर ती पुढेही सरकते.

आणखी एक हौस म्हणजे चोरांसाठी लपवलेला स्विच. सीटखाली, कप्प्यामागे, कुठेही. इथे एक प्रश्न मालकापेक्षा वायरमननं विचारायला हवा: हा स्विच तोडणार काय? कॉइलची तार तोडणारा स्विच गाडी चालू असतानाही तोडू शकतो. धक्क्यानं, एखाद्या पोराच्या पायानं, सैल पडून. पुणे हायवेला टेंभुर्णीच्या अलीकडे मागून ट्रक येत असताना इंजिन गेलेलं कुणाला हवंय? तोच स्विच सेल्फच्या रिलेला जाणाऱ्या बारीक तारेवर टाकला तर तो गाडी सुरू होऊ देणार नाही, पण सुरू असलेली बंदही पाडू शकणार नाही.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेच्या जनरल मोटर्सला २०१४ मध्ये शेवरले कोबाल्ट आणि तिच्या भावंडांतल्या सुमारे २६ लाख गाड्या किल्लीच्या स्विचसाठीच परत बोलवाव्या लागल्या. स्विचमध्ये किल्लीला जागेवर धरून ठेवणारी खाच पुरेशी घट्ट नव्हती. जड जुडग्याच्या ओढीनं किंवा गुडघ्याच्या धक्क्यानं किल्ली धावत्या गाडीत ऑनमधून मागे सरकायची. इंजिन बंद, स्टिअरिंग जड, आणि एअरबॅगही उघडणार नाहीत. नुकसानभरपाईच्या योजनेत पुढे १२४ मृत्यू मान्य करण्यात आले. नव्या, मोठ्या कंपनीच्या गाड्या होत्या त्या.

आपल्याकडे त्याच खाचेवर काय लटकतं ते पाहावं. घराची किल्ली, कपाटाची, गोदामाच्या दोन, बाटली उघडायचा चिमटा, पितळेचा गणपती. घासून गुळगुळीत झालेल्या कुलपातून चालू गाडीत किल्ली सुळकन बाहेर येते आणि चालक ती गमतीनं काढून दाखवतो. स्टिअरिंग लॉक असलेल्या गाडीत ही गंमत जिवावर बेतू शकते. चाक वळवलं की खिळा खोबणीत बसला. रिले कितीही लावा, असं कुलूप बदलणं आधी. आणि सगळंच रिलेवर टाकण्याचा उत्साहही बरा नव्हे. दिवे, हॉर्न, ब्लोअर, सेल्फ यांचं ओझं उतरवावं. कॉइलची तार किल्लीवरच ठेवली तर बिघडलं नाही. रस्त्यावरच्या स्वस्त डबीच्या भरवशावर धावतं इंजिन सोडायचं कशाला? दिव्यांनाही अपर आणि डिपरचे रिले वेगळे हवेत, म्हणजे एक गेला तरी निम्मा उजेड हातात राहतो.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा रोख नोंदणीतला तपशील बदलणाऱ्या फेरफारांवर आहे; रिले आणि फ्यूजनं तो तपशील बदलत नाही. खासगी गाडी १५ वर्षांची झाली की नोंदणीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होतं. एमएच-१३ म्हणजे सोलापूर आरटीओच्या नूतनीकरणाच्या तपासणीत विजेच्या कामातले दिवे आणि हॉर्न तेवढे बघितले जातात. स्टिअरिंगखाली वाकून कोण पाहणार?

काम झालं. किल्ली आता हलकी फिरते, सेल्फ पहिल्या फटक्यात घेतो, दिवे पांढरे शुभ्र लागतात. वायरमननं पुठ्ठ्याच्या तुकड्यावर कुठली तार कुठे ते लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलंय, फ्यूजचे दोन जादा तुकडेही दिलेत. आठवड्याभरानं मालक मागच्या सीटसाठी दुसरा पंखा घेऊन हजर. उन्हाळा आहे, शाळेची पोरं उकाड्यानं हैराण होतात, मालकाचंही बरोबरच आहे. दुकानात वायरमन नाही, तो बाळे इथे एका ट्रकच्या कामावर गेलाय. पोऱ्या आहे. तो पंखा हातात घेऊन उलटसुलट बघतो, कप्प्यातला पुठ्ठा काही काढत नाही, आणि विचारतो, “मालक, किल्लीवर घेऊ?”